वर साय, आत ओल

एमेरिक गेला सहा फेब्रुवारीला.
चित्र ईझलवरच राहिलं, ओलं.

मे महिन्यात गोडेलीव्हनं मला बोलावलं.
कोर्टरेकला नदीच्या वळणावर
वडलांचं चौकटींचं दुकान, आणि वार्निशचं काम माझं.
पूर्वी या पाण्यात जवसाचे भारे कुजत घालायचे;
वडील सांगत, तो वास लागायचा
लग्नाच्या कपड्यांनासुद्धा.

दीर खुर्चीत बसून टोपी फिरवत होता.
"ऑक्टोबरात प्रदर्शन आहे," फिरमिन म्हणाला,
"एक हात मार वार्निशचा, मोकळं कर."

मी नख टेकवलं.
तपकिरी दगडासारखी; ती मातीच, दोन दिवसांत वाळते.
पांढरा, बरा म्हणायचा.
पण टेबलावरच्या फडक्याचा लाल
दबला,
दुधावरची साय दबते तसा.

नाही, म्हटलं.
"तीन महिने झाले की!"
झाले असतील. धुणं वाळतं ते पाणी जाऊन.
तेलाचं उलटं. त्यातून काही जात नाही,
ते घेतं.
खोलीतली हवा घेत घेत घट्ट होतं.
बारीक तराजू असेल तर बघ,
वाळता वाळता जड होतं ते.

ती चित्राकडे बघत राहिली.
"याच खोलीतली?"
याच.
"शेवटी शेवटी इथंच झोपायचा तो, या बाकावर.
धाप लागायची. रात्रभर ऐकू यायची मला."

मला रसायनशास्त्र येतं ते एवढंच.
पुढचं गणित तिचं तिनं केलं,
आणि फिरमिनला दार दाखवलं.
टोपी राहिली.

सप्टेंबरात गेले तर चित्र भिंतीकडे तोंड करून,
वर उशीचा अभ्रा.
"धूळ बसू नये म्हणून," ती म्हणाली.
धुळीचं नव्हतं ते, तिलाही ठाऊक, मलाही.
पांढरा पार हळदुला झालेला.
अंधारात तेल पिवळं पडतं, गोडेलीव्ह.
उन्हात नको, पण उजेडात ठेव.
तिनं ते खिडकीसमोर नेलं,
आणि मग, तिथंच भांडी घासायची असल्यामुळे,
तिला रोज बघावं लागलं.
नाताळपर्यंत पांढरा परत आला.

प्रदर्शन त्याच्याशिवाय झालं.

मार्चमध्ये नख सरळ सरकलं.
काडीला कापूस, कापसाला टर्पेंटाईन,
लालावर फिरवला: कापूस कोरा.
आता चालेल.

चित्र टेबलावर आडवं. शेगडी पेटलेली, खिडक्या बंद.
लोकरीचा स्वेटर काढ, तंतू पडतात.
रुंद ब्रश, एका दिशेनं, मागे वळून बघायचं नाही;
मोह होतो, पण वळलं की रेघ उमटते.

एका टोकाला काळा रंग कधीचा मुका होऊन बसला होता,
तेल खालच्या थरानं पिऊन टाकलेलं.
त्यावर वार्निश गेलं आणि
काळ्यात एक निळी बाही उघडली.
कोपर. ओलं असावं, चमकत होतं.

"मी?"
तूच असशील. टेबलावर हेरिंग आहेत, तू साफ करत असशील.
"मला सांगितलं नाही त्यानं."
मग हसली. "सांगितलं असतं तर मी हात पुसले असते."

लालावर ब्रशचा एक केस अडकलेला, त्याच्याच वेळचा.
चिमट्यानं काढू? नको म्हणाली.

मी तिला सांगितलं, हे वार्निश निघतं.
साठेक वर्षांनी पिवळं पडलं की
कोणीतरी कापसानं पुसून काढेल,
मला नावं ठेवत. ठेवू दे.
खालचं तसंच राहील.
खाली जवसाचं तेल, त्याखाली जवसाचंच कापड,
एकाच निळ्या फुलाच्या झाडाचं.

खिडकी उद्यापर्यंत बंद ठेव.
"आता तर हवा नाही ना घेणार ते?"
घेईल. सावकाश.
"किती वर्षं?"
मोजायला कोण बसलंय, म्हटलं, आणि ब्रश धुवायला घेतला.

मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.
ती चित्रासमोर बसली होती,
टर्पेंटाईनचा वास सोसत नव्हता म्हणून
तोंडानं श्वास घेत.